समुद्र दिसतो, वाट दिसत नाही

जमीनजुमला : वाचकांचे प्रश्न
(उत्तरे देणारे भूमी अभिलेख खात्यातून निमतानदार (मोजणीचे काम तपासणारा अधिकारी) म्हणून निवृत्त झाले आहेत. मुक्काम वेंगुर्ले.)

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला राहतो. यजमान पुढच्या वर्षी निवृत्त होतील. त्यांचे मूळ गाव कणकवलीकडचे, सातबारावर त्यांचे नाव आहे, पण तिथली जमीन चुलत भाऊ कसतात आणि आम्हा दोघांनाही समुद्राजवळ राहायची हौस. मालवण शहरात सहा गुंठ्यांची मोकळी जागा पाहिली. वरचा मजला चढवला तर माडांच्या वरून समुद्र दिसेल. एजंट म्हणतो की टायटल क्लियर आहे, एनए होऊन जाईल, सातबारावर सात नावे आहेत पण सगळे एकाच कुटुंबातले. रस्त्यापासून पाणंद आहे, विहीर आहे. विसार म्हणून पाच लाख या आठवड्यात द्या, नाहीतर गोव्याचे गिऱ्हाईक तयार आहे, असे त्याचे म्हणणे. जागा घ्यावी का?
– सौ. अ. प., डोंबिवली

उत्तर : ताई, गोव्याच्या गिऱ्हाइकाला खुशाल घेऊ द्या. हे गिऱ्हाईक मी नोकरीला लागल्यापासून ऐकतो आहे. पूर्वी ते कोल्हापूरचे असायचे, मोपाचा विमानतळ झाल्यापासून अधूनमधून दिल्लीचेही असते. त्याला समोरासमोर पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

तुमच्या पत्रात समुद्राला एक अख्खे वाक्य आणि वाटेला एक शब्द मिळाला आहे. मी वाटेपासूनच सुरुवात करतो, कारण आमच्याकडच्या जागांचे निम्मे रडगाणे तिथेच असते.

‘पाणंद आहे’ याचा अर्थ दोन प्रकारे निघतो. एक, गावनकाशावर दाखवलेली सरकारी पाणंद. ती कुणाच्या मालकीची नसते, कुणी अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. दुसरा प्रकार म्हणजे कुणाच्या तरी माडाच्या बागेतून माणसे वर्षानुवर्षे जाताहेत म्हणून पडलेली पायवाट. जागेवर दोन्ही सारख्याच दिसतात. भूमी अभिलेख कार्यालयातून गटाच्या नकाशाची नक्कल घ्या आणि बघा, वाट कागदावर आहे का. नसेल तर ती ज्याच्या जमिनीतून जाते त्याच्या मर्जीवर आहे असे समजा. एजंट म्हणेल, ‘वीस वर्षांच्या वहिवाटीने हक्क पडतो.’ पडतो, पण तो दिवाणी कोर्टात सिद्ध करावा लागतो, आणि तुम्हाला निवृत्तीनंतर घर बांधायचे आहे, दावा चालवायचा नाही. जमीन महसूल संहितेचे कलम १४३ ही एजंटांची दुसरी आवडती ओळ. ते कलम शेतात जायला बांधावरून वाट देण्यासाठी आहे, बंगल्यापर्यंत मोटार नेण्यासाठी नाही.

शिवाय रुंदीचा प्रश्न राहतोच. पाणंदीतून माणूस जातो, मोटारसायकल जाते, चिऱ्याची (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांची) गाडी जात नाही. सहा गुंठ्यांत बेताचे घर म्हटले तरी हजारोंनी चिरे लागतात, वर रेती, खडी, लोखंड. गाडी मुख्य रस्त्यावर खाली झाली की प्रत्येक चिरा डोक्यावरून आत न्यायचा, आणि कामाला माणसे मिळेनाशी झालेल्या मुलखात त्याची मजुरी किती होते ते एखाद्या गवंड्याला विचारा. परवानगी देताना नगरपरिषदही पोचरस्त्याची रुंदी बघते. म्हणून ज्याच्या जागेतून वाट जाते त्याला आत्ताच भेटा. वाटेचा हक्क नोंदणीकृत दस्ताने घ्या, दस्तात रुंदी मीटरमध्ये लिहा, सोबत नकाशा जोडा, आणि त्याच्या सातबारावर ‘इतर हक्क’ या रकान्यात त्याची नोंद करून घ्या. हे खरेदीच्या आधी व्हायला हवे. तुम्ही आतली जागा घेतल्याचे त्या माणसाला कळले की वाटेचा भाव तो ठरवणार, आणि तुमच्याकडे दुसरे गिऱ्हाईक नसणार.

आता सात नावे. ‘एकच कुटुंब’ हे ऐकून तुम्हाला बरे वाटले असेल, मला नाही वाटले. आमच्याकडे भांडण परक्याशी कमी आणि कुटुंबात जास्त. उताऱ्यात एखाद्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे लिहिले आहे का ते बघा. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ते नाव एकाचे दिसते, त्याच्या आड किती माणसे आहेत ते उतारा सांगत नाही. कंसात टाकलेली नावे असतील तर ती कोणत्या फेरफाराने (हक्क बदलल्याच्या नोंदीने) कमी झाली तो क्रमांक शेजारी असतो. असा प्रत्येक फेरफार काढून वाचा, अगदी मागे जाऊन. वारस नोंदीत भाऊ आहेत आणि बहिणी नाहीत असे दिसले तर थांबा. मुलींचा वाटा महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मान्य केला, आणि २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचे सांगितले. मालवणातून लग्न होऊन भांडुपला गेलेल्या आत्याचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर ती आत्या तुमच्या व्यवहारात आहे, मग एजंटाला ती माहीत असो वा नसो.

सातांपैकी पाचांनी सह्या दिल्या, दोघे ‘नंतर देतील’, असला प्रस्ताव येईल. घेऊ नका. न वाटलेल्या जमिनीतला पाचांचा वाटा तुम्ही विकत घेतलात तरी तो कोणत्या कोपऱ्यात आहे हे सरसनिरस वाटप (जमिनीचा कस बघून जागेवर हिस्से पाडणे) होईपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. पायाचा खड्डा नेमका कुठे काढणार?

माझा एक सल्ला वकिलांच्या पुस्तकात सापडणार नाही : जागा बघायला चतुर्थीला जा. गणपतीला सगळे चाकरमानी घरी असतात. सात नावांपैकी किती जण हयात आहेत, कोणाचे कोणाशी बोलणे नाही, कोण कोणाच्या घरचा मोदक खात नाही, हे दीड दिवसात उघड होते. बाहेर पडवीत बसून चहा घ्या आणि ‘जागा विकताय म्हणे’ एवढेच म्हणा. पुढचे बोलणे आपोआप होते. ‘माझी सही खंय आसा?’ असे विचारणारा एक तरी पुतण्या आत माजघरात निघतो. तो आत्ताच निघालेला बरा. घराचे जोते झाल्यावर निघाला तर त्याला मनाई हुकूम मागता येतो.

वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या, आणि जाहीर नोटीस सिंधुदुर्गातल्या दैनिकाबरोबर मुंबईच्या एका दैनिकातही द्या. हक्कदार परळ-लालबागेपासून विरार-पनवेलपर्यंत पसरलेले असतात. मालवणच्या वर्तमानपत्रात छापलेली नोटीस त्यांच्यापर्यंत जाणार कशी?

‘एनए (बिनशेती) होऊन जाईल’ या वाक्यातला भविष्यकाळ तुमच्या लक्षात आला असेलच. म्हणजे आज ती जमीन शेतीची आहे. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते असा कुळकायद्याच्या कलम ६३ चा नियम. तुमच्या यजमानांचे नाव कणकवलीच्या सातबारावर आहे, म्हणून ही अडचण तुम्हाला तशीही नाही, आणि नगरपरिषद हद्दीतल्या जमिनींना २०१६ च्या दुरुस्तीने त्यातून मोकळीकही दिली आहे. तेव्हा तुम्ही बघायचे ते वेगळे. नगरपरिषदेतून विकास आराखड्याचा झोन दाखला आणि भाग नकाशा मागवा. रहिवासी पट्टा असेल तर सरकारी आकारणी भरली की झाले, स्वतंत्र अकृषिक परवानगीसाठी फिरावे लागत नाही. हरित पट्टा निघाला, किंवा जागेवर बागेचे नाहीतर रस्त्याचे आरक्षण असले, तर ‘होऊन जाईल’ ते होणार नाही. उताऱ्यावर भोगवटादार वर्ग १ लिहिले आहे की वर्ग २, तेही त्याच बैठकीत बघा. वर्ग २ म्हणजे हस्तांतरावर सरकारी अट. कुळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर १० वर्षांनंतर आकाराच्या (जमिनीच्या शेतसाऱ्याच्या) ४० पट रक्कम भरून सुटका होते, आणि आकार रुपया-दोन रुपयांचाच असल्यामुळे ती रक्कम ऐकून लोक हसतात. देवस्थान इनाम असेल तर मात्र हसू नका, तिथून परत फिरा.

शहर मोजणी झालेल्या भागात सातबाराऐवजी मिळकत पत्रिका असते. काही जागांचे दोन्ही उतारे चालू राहिलेले असतात आणि दोन्हींवर वेगवेगळी नावे. तुमच्या जागेचा सिटी सर्व्हे नंबर आहे का, एवढे विचारायला विसरू नका.

समुद्राकडे आता येतो. एजंट जागेपासून पाण्यापर्यंतचे अंतर पावलांनी मोजून दाखवतो, आणि ते ओहोटीच्या वेळी. कायदा मोजतो भरतीरेषेपासून, आणि ती रेषा डोळ्यांना दिसते तिथे नसते, मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर असते. किनारा नियमनाची (सीआरझेडची) पहिली अधिसूचना १९९१ ची, दुसरी २०११ ची, सध्याची २०१९ ची. शहर म्हणजे सीआरझेड-२ (आधीच वसलेल्या शहरी भागाचा वर्ग) असे धरून चालू नका, नकाशावर तुमचा नंबर कोणत्या रंगात पडतो ते बघा. सीआरझेड-२ मध्ये समुद्र आणि अस्तित्वातला रस्ता किंवा अधिकृत इमारत यांच्या मधल्या पट्ट्यात नवे घर बांधता येत नाही, त्यांच्या जमिनीकडच्या अंगाला येते. म्हणजे ‘समोर काहीच नाही, सरळ समुद्र’ ही जाहिरात प्रत्यक्षात तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरू शकते. तुमच्या आणि समुद्राच्या मध्ये एक जुना डांबरी रस्ता आणि चार जुनी घरे असतील तर देवाचे आभार माना. शेजारी खारफुटी असेल तर आणखी सावध राहा. १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या खारफुटीभोवती ५० मीटरचा राखीव पट्टा असतो, मग ती तुमच्या कुंपणाबाहेर का असेना.

आता माझ्या खात्याची गोष्ट. सातबारावरचे क्षेत्र आले कुठून? जुन्या मोजणीच्या टिपणावरून, पुष्कळ ठिकाणी ब्रिटिशांच्या वेळच्या. तेव्हापासून समुद्राने काही जागी किनारा खाल्ला, काही जागी पुळण (वाळूचा किनारा) वाढवली, पण उताऱ्यावरचा आकडा जागचा हलला नाही. वाहून गेलेल्या जमिनीचा आकार कमी करून मिळायची सोय संहितेत आहे, पण ती निदान अर्धा एकर गेल्यावर. अर्धा एकर म्हणजे २० गुंठे. तुमच्या सहा गुंठ्यांतले दोन पाण्यात असले तरी उतारा सहाच दाखवणार आणि एजंट सहाचेच पैसे मागणार. हे केवळ अगदी किनाऱ्याच्या जागांपुरते म्हणू नका. खाडीच्या आणि व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी हेच होते.

म्हणून खरेदीच्या आधी हद्दकायम मोजणी. अर्ज जमीनमालकाने करायचा असतो, तेव्हा तो करायला लावा, शुल्क हवे तर तुम्ही भरा. द्रुतगतीचे पैसे जास्त पडतात, ते वाचवण्यात शहाणपण नाही. मोजणीच्या आधी लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटिसा जातात आणि त्या दिवशी ते सगळे कामधंदा सोडून हजर होतात. तुम्हीही हजर राहा. भूकरमापकाच्या यंत्राकडे बघू नका, शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघा. कोण गडग्यावर (दगडी कुंपणावर) उभा राहून हात पसरतो, कोण गप्प उभा राहतो, कोण हद्दीच्या निशाणीपाशी येऊन ‘हो माड आमचो’ म्हणतो. शेवटचा माणूस खोटे बोलत असेलच असे नाही. कोकणात जमीन एकाची आणि त्यावरची झाडे दुसऱ्याची असे प्रकार आहेत, ‘इतर हक्कात’ त्याची नोंदही सापडते. आणि गडगा म्हणजे हद्द नव्हे. गडगा गुरे अडवायला घालतात, जिथे चिरे आणि सवड मिळेल तिथे. मोजणीनंतर मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात येते, त्यावरचे क्षेत्र तेच तुमचे क्षेत्र, भाव त्यावर ठरवा. जाता जाता : सहा गुंठे म्हणजे ६०७ चौरस मीटर. उताऱ्यावर ०.०६.०० असेल तर ते सहा आर, म्हणजे ६००. एजंट दोघांनाही गुंठाच म्हणतो. सात चौरस मीटर म्हणजे मोरी आणि न्हाणीघर आले.

विहिरीचे पाणी पावसाळ्यानंतर गोड असते, मालवणचेच काय, कुठलेही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शेजारणीला विचारा, चहाला कोणते पाणी वापरता. टँकरचे म्हणाली तर तुमची विहीर कपड्यांपुरती. पुळणीच्या जमिनीत शेजाऱ्याच्या शौचखड्ड्याचे पाणीही विहिरीकडे झिरपते, तेव्हा त्याचा खड्डा कुठे आहे तेही वाकून बघा. आणि जुलैत एकदा जागा बघा. पाणी कुठवर चढते ते गडग्यावरच्या शेवाळाच्या रेघेवरून कळते.

माड, आंबा, फणस यांच्या सावलीत जागा छान दिसते, पण शहर हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. नकाशा काढायला बसाल तेव्हा झाडे आधी कागदावर मांडा, घर नंतर. माडाच्या बुंध्याला खेटून घर नको. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात किती छपरांवर माड आले ते मालवणात कुणीही सांगेल.

राहिला विसार. पाच लाख नाही. सातही मालकांच्या नावे, धनादेशाने, अगदी थोडी रक्कम, आणि पावतीऐवजी नोंदणीकृत साठेखत (पुढे खरेदी करण्याचा करार). त्यात स्पष्ट लिहा : मोजणीत क्षेत्र कमी भरले, झोन दाखला विरुद्ध आला, वाटेचा दस्त झाला नाही किंवा जाहीर नोटिशीला हरकत आली, तर व्यवहार रद्द आणि विसार परत. एजंट म्हणेल, ‘असे कुणी लिहून देत नाही.’ जे देत नाहीत त्यांची जागा घ्यायची नाही.

हे सगळे जमले आणि आकडा खिशाला परवडला तर घ्या. सहा गुंठे दोघांना पुष्कळ. पण मला विचाराल तर समुद्रापासून अर्धा-पाऊण किलोमीटर आत, डांबरी रस्त्याला लागून, गोड्या विहिरीची चार गुंठे जागा मी आधी बघीन. संध्याकाळी पुळणीवर चालत जायला पंधरा मिनिटे लागतात. लोखंडी ग्रील दर दोन वर्षांनी गंजून हातात येत नाही, हा वरचा फायदा.

प्रश्न : मी अबुधाबीत नोकरीला आहे, पासपोर्ट भारताचा. देवबागला खाडीकाठची १५ गुंठे शेतजमीन भाऊ माझ्यासाठी बघतो आहे. आमच्या कुटुंबाकडे सातबारा आहे, म्हणजे मी शेतकरी आहेच. पैसे मी पाठवीन, तूर्त भावाच्या नावावर घेऊ, असे आमचे ठरते आहे. चालेल का?
– एक वाचक, अबुधाबी

उत्तर : नाही. शेतकरी असण्याचा दाखला राज्याच्या कुळकायद्यासाठी. तुम्हाला अडवणारा कायदा दुसराच, परकीय चलनाचा. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला घर किंवा बिनशेती प्लॉट घेता येतो. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वडिलांकडून वारसाने आलेली राहू शकते. भावाच्या नावावर घेण्याची युक्ती तर अजिबात नको. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचे म्हणजे बेनामी व्यवहार. कायद्यात भावासाठी सवलत आहे ती दोघांचीही नावे मालक म्हणून लागली असतील तर, आणि तुमचे नाव तर शेतजमिनीला लागूच शकत नाही. भावावर विश्वास आहे म्हणाल. भावाच्या बायकोच्या माहेरच्यांवरही आहे का, एवढे विचारून ठेवतो.

दुसरे देवबागचे. गाव सुंदर आहे, पण एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मध्ये चिंचोळी पट्टी. म्हणजे भरतीरेषा दोन्हीकडून मोजायची. २०१९ च्या नियमात खाडीकडून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यातले जे कमी ते, आणि समुद्राकडून ग्रामीण भागात २०० मीटर ना-विकास क्षेत्र. दाट वस्तीच्या गावांना, म्हणजे २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसे असलेल्यांना, ते ५० मीटर होते. दोन्ही बाजूंनी पट्टे ओढून झाल्यावर मध्ये घर मावेल एवढी जागा उरते का ते नकाशावर पट्टी ठेवून बघा. किनाऱ्याच्या धुपेमुळे तिथे दगडी बंधारे घातलेले आहेत, ते बघायला मुद्दाम पावसाळ्यात जा. भावालाही न्या.

आपल्या नावावर बिनशेती प्लॉट घ्यायचा असेल तर पैसे बँकेतून, एनआरई किंवा एनआरओ (परदेशस्थ भारतीयांसाठीच्या) खात्यातून द्या. घरी ठेवलेल्या रोकडीची वाटच नको.

प्रश्न : वेंगुर्ल्यापासून काही किलोमीटरवर एका कंपनीचे ‘सी व्ह्यू’ प्लॉटिंग आहे. तीन-तीन गुंठ्यांचे ४० प्लॉट, अंतर्गत रस्ते, फाटक, क्लबहाऊसचे चित्र. किंमत पुण्यातल्या पार्किंगएवढी. सातबारा सामाईक मिळेल, नंतर वेगळा करून देऊ म्हणतात. मित्रांनी घेतले आहेत.
– नि. दे., पुणे

उत्तर : तुम्ही प्रश्न विचारलेलाच नाही, पण कळला.

मोकळ्या जमिनीचे प्लॉट पाडून विकायचे तर ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त प्लॉट असले की महारेराची (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी लागते. ४० प्लॉट आहेत, तेव्हा नोंदणी क्रमांक मागा आणि तो महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. माहितीपत्रकावर छापलेला क्रमांक दुसऱ्याच प्रकल्पाचा असण्याची शक्यता धरून चाला. त्यानंतर मंजूर रेखांकन मागा. रंगीत चित्र नको, नगररचना विभागाच्या शिक्क्याचे.

ते नसेल तर ‘सामाईक सातबारा’ याचा अर्थ असा : तुम्ही आणि इतर ३९ जण एका मोठ्या कातळाचे हिस्सेदार झालात. कुणाचा तुकडा कुठे ते कंपनीच्या चित्रात आहे, सरकारच्या नकाशात नाही. वेगळा उतारा करायला गेलात की तुकडेबंदी, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणारा कायदा, आडवी येते. प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १०, तुमचे तीन. या कायद्यात अलीकडे शिथिलता आल्या आहेत, आणि विक्रेते त्याची कात्रणे दाखवतात. पण ती शिथिलता रहिवासी पट्ट्यांसाठी आहे, डोंगराच्या सड्यावर (कातळाच्या सपाट माथ्यावर) चुन्याने आखलेल्या चौकोनांसाठी नाही. सड्यावर पाणी कुठून आणणार, तेही विचारा. कातळात बोअर मारून कोरडी गेलेली ठिकाणे मी नोकरीत इतकी पाहिली आहेत की आता मोजदाद नाही.

मित्रांनी घेतले आहेत, म्हणजे त्यांना तरी उतारा वेगळा मिळाला का, एवढे त्यांनाच विचारा ना.

प्रश्न : काका, मी उलट्या बाजूची. माहेरची देवगड तालुक्यातली जमीन माझे तीन चुलतभाऊ विकायला निघाले आहेत. सातबारावर माझ्या वडिलांचे नाव होते, ते वारल्यावर कुणी वारस नोंद केलेली नाही. भाऊ म्हणतात, ‘तू कशाला हेलपाटे घालतेस, कुलमुखत्यारपत्रावर सही कर, पुढचे आम्ही बघतो.’ कागदावर गट नंबर लिहिलेले नाहीत. सही केली नाही तर माहेर तुटेल अशी भीती वाटते.
– कुर्ल्याहून एक बहीण

उत्तर : बाय, पहिल्या पत्रातल्या डोंबिवलीच्या ताईंना मी जी भांडुपची आत्या सांगितली ना, ती तूच.

गट नंबर नसलेल्या कुलमुखत्यारपत्रावर सही करायची नाही. त्या कागदावर उद्या एका गटाऐवजी सगळे गट येतील, राहते घर आणि खळे धरून. भावांशी भांडायची गरज नाही. म्हण, ‘विकायला माझी हरकत नाही, पण आधी वारस नोंद होऊ दे.’ वडिलांचा मृत्यू दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, कार्यालय तेच. ई-हक्क प्रणालीतून अर्ज घरबसल्याही करता येतो, नातवाला बसव. फेरफार पडला की नोटीस निघते, १५ दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. तुझी आई असेल तर आईचे, आणि तुम्ही सगळ्या भावंडांचे नाव लागेल. त्याला पैसे फारसे लागत नाहीत.

नाव लागल्यावर खरेदीखतावर सही करायला स्वतः देवगडला जा. तुझ्या हिश्श्याची रक्कम तुझ्या खात्यावर, खरेदीखतात धनादेश क्रमांकासह. हक्क सोडायचाच असेल तर तोही आनंदाने सोड, पण नोंदणीकृत हक्कसोडपत्राने, एका ठराविक गटापुरता, आणि काय सोडते आहेस ते वाचून. भाऊ रागावतील. घेणाऱ्याचा वकील शहाणा असला तर भावांना हेच सांगणार आहे, तेव्हा त्यांचा राग फार दिवस टिकायचा नाही.

जमिनीचे गट नंबर आणि तुझ्याकडे असलेल्या जुन्या उताऱ्यांचे फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठव. कुळाची काही नोंद आहे का ते बघून सांगतो. देवगडकडे आंब्याच्या कलमांच्या जमिनीत ‘इतर हक्कात’ पुष्कळदा कुणाचे तरी नाव बसलेले असते, आणि ते भावांनाही ठाऊक नसते.